सत्तावन्न ग्रॅमची सुरी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोरावरून उतरण्याच्या भिंतीपाशी हार्नेस बांधताना अकरावीच्या एका कॅडेटच्या शर्टाखाली माझ्या हाताला काहीतरी टणक लागलं. "काय आहे रे?" मी विचारलं. तो गप्प. बाकीची टोली एकदम आकाशाकडे बघायला लागली, तेव्हाच मला कळलं की हे सगळ्यांना ठाऊक होतं. शर्टातून निघाली ती काळ्या दोरीत ओवलेली, मूठ खाली करून गळ्यात लटकवलेली, म्यानातली एक छोटी सुरी.

"सर, सुरी नाही," तो म्हणाला. "टॅक्टिकल नाइफ आहे. मामानं अमेरिकेहून आणलाय."

आपल्या मराठीत मिटतो तो चाकू आणि मिटत नाही ती सुरी. त्यामुळे मी तिला सुरीच म्हणणार. मी तसं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला होता, त्याला माझा इलाज नाही.

ती मी जमा केली, हाउस मास्टरांना कळवलं, आणि नोव्हेंबरच्या कॅम्पच्या यादीतून त्या मुलाचं नाव गेलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की उस्तादांनी मुलाला पाठीशी घातलं. घातलं नाही. उद्या पुन्हा कोणाच्या शर्टाखाली सापडली तर असंच करीन. पण त्याच्या आईशी फोनवर बोलताना त्या म्हणाल्या, "साहेब, एवढीशी तर आहे, तिनं काय होणार?" आणि त्याच संध्याकाळी स्टाफ रूममध्ये एक सहकारी म्हणाले, "हत्यार सापडलं म्हणे." एकाच वस्तूबद्दल ही दोन मतं, आणि दोघांपैकी कोणीही ती हातात घेतलेली नव्हती. म्हणून आईंची आणि प्राचार्य साहेबांची परवानगी घेऊन ती मी माझ्या पिठ्ठूत टाकली आणि कॅम्पच्या चार दिवसांत वापरली. जे वाटलं ते लिहितो.

कंपनीचं नाव देत नाही; शाळेच्या मासिकात जाहिरात नको. पातं जेमतेम पावणेतीन इंच, जाडी ४ मिलिमीटर, टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत सगळी एकाच पोलादी पट्टीतून कापलेली. मुठीवर लाकूड नाही, प्लास्टिक नाही. उलट वजन कमी करण्यासाठी मुठीच्या पट्टीतूनच भोकं पाडून पोलाद काढून टाकलेलं. मेसच्या मसाल्याच्या काट्यावर ठेवली तर ५७ ग्रॅम भरली. अंड्याएवढं वजन. फौजेत ज्यांनी पाठीवर सामान घेऊन डोंगर चढले आहेत त्यांना या आकड्याची किंमत कळेल. जड वस्तू माणूस पहिल्या दिवशी कौतुकाने बांधतो, दुसऱ्या दिवशी पिठ्ठूच्या तळाशी टाकतो आणि तिसऱ्या दिवशी तंबूत ठेवून जातो. ही चारही दिवस माझ्या पट्ट्याला होती आणि आहे हे आठवावं लागत होतं.

म्यान कडक प्लास्टिकचं, पात्याच्याच आकारात ओतलेलं. सुरी आत ढकलली की टक असा आवाज येतो आणि मग उलटी करून हलवली तरी पडत नाही. हे मला फार आवडलं. चामड्याचं म्यान पावसात भिजलं की दोन दिवस वाळत नाही आणि आतल्या पोलादाला गंज चढवतं. याला पाणी झटकलं की झालं. पण पहिल्या दिवशी ते इतकं घट्ट होतं की सुरी ओढताना हात झटका खाऊन बाहेर आला. शेजारी कोणी बसलं असतं तर त्याच्या दंडाला लागली असती. नंतर समजलं की ओढायचीच नाही; अंगठा म्यानाच्या काठावर टेकवून दाबायचं, म्हणजे सुरी स्वतःहून सुटते आणि हात जागेवर राहतो. मला चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर हे कळायला तीन वेळा चुकावं लागलं. सोळा वर्षांच्या मुलाला ते गादीखाली लपून कसं कळणार होतं?

आता धारेबद्दल. मेसच्या हेड कुकनी पहिल्याच संध्याकाळी कांदा पुढे केला. कांदा चिरला गेला नाही, फुटला. टोमॅटोचं तर बोलायलाच नको. ४ मिलिमीटर जाडीचं आखूड पातं पाचरीसारखं शिरतं. धार कितीही असली तरी मागचं पोलाद कांद्याला फाकवतं. कुकनी बाजारातल्या चाळीस रुपयांच्या पातळ सुरीने उरलेला कांदा माझ्या डोळ्यांसमोर कागदासारखा चिरला आणि काही बोलले नाहीत. चुलीची पहिली फेरी अशी गेली.

पण जाडीला तिचं काम मिळालं तेव्हा चित्र बदललं. अंगठ्याएवढ्या जाड काटकीवर पातं ठेवून पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकलं की काटकी सरळ दोन फाका. जुना नायलॉनचा दोर दोन ओढींत तुटला. पावसात भिजलेल्या लाकडाची साल काढून आतला कोरडा गाभा काढला, आणि राळेने भरलेल्या चिडाच्या काटकीवर पातळ सालपटं उभी करून एकाच काडीत चूल पेटवली. आमच्या आठवीच्या टोलीने यासाठी आदल्या दिवशी अख्खी काडेपेटी संपवली होती आणि वर एक वहीसुद्धा. विज्ञानाची होती असं नंतर कळलं.

मुठीबद्दल माझी तक्रार आहे. माझ्या पंजात तीन बोटं बसतात आणि करंगळी बाहेर लोंबकळते. तंबूच्या खुंट्या तासायला बसलो तर पंधरा-वीस मिनिटांत तळहातावर पट्टीच्या कडा उमटल्या. पहाटेच्या थंडीत उघडं पोलाद असं काही गार लागतं की धरवत नाही. तिसऱ्या दिवशी मी मुठीला दोरी गुंडाळली, तेव्हा ती धरण्यासारखी झाली. वजन वाचवायला मुठीचं पोलाद काढलं आणि मग वापरणाऱ्याने वरून दोरी बांधून ते थोडं परत घातलं, असा हा हिशोब आहे. तरी दोरी मला पटली. गरज पडली तर सोडून वापरता येते.

पोलाद १०९५ क्रमांकाचं. साधं कार्बन पोलाद, त्यातला ९५ म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बन. स्टेनलेस म्हणायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, ते यात नाही. म्हणजे आमच्या गावच्या लोहाराकडच्या विळ्या-कोयत्यांच्याच कुळातली ही. लहानपणी वडिलांबरोबर फाळ शेवटून आणायला मी त्याच्या भात्यापाशी बसत असे. लाल पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, पण नुसतं पाणी देऊन सोडलं तर काचेसारखं तुटतं. म्हणून पुन्हा हलकेच तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा. आज अमेरिकेतल्या कारखान्यात भट्टीला काटा असतो, लोहाराला रंग कळत असे, एवढाच फरक. या पोलादाचा गुण असा की धार लवकर लागते. साध्या निसण्यावर दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा ओढली की काम भागतं. आणि दोष असा की गंजही लवकर लागतो. पात्यावर काळा लेप आहे, पण धारेवर तो असूच शकत नाही. दुसऱ्या रात्री मी लिंबू कापून न पुसता ठेवली, सकाळी धारेवर तपकिरी ठिपके. पुसून खोबरेल लावलं. त्या मुलाने सुरी दीड महिना वापरली असं तो म्हणतो; माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर एक ओरखडा नव्हता आणि धारेवर गंज होता. म्हणजे ती वापरली गेली नव्हती, नुसती बाळगली गेली होती.

इथे मला त्या 'टॅक्टिकल' शब्दाबद्दल बोलायचं आहे. फौजेत टॅक्टिकल म्हणजे सेक्शन कुठून सरकणार, कोण कोणाला आड देणार, उजेड कुठल्या बाजूचा, परत यायची वाट कोणती. ते डोक्यात असतं. पात्याला काळा रंग दिला म्हणजे ऊन पडल्यावर चमकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गोरखा पलटणीतल्या खुकरीचं म्यान तुम्ही नीट पाहिलं आहे का? त्यात मागे दोन छोट्या सुऱ्या असतात. एक कर्दा, बारीकसारीक कापण्यासाठी, आणि दुसरी चकमक, बोथट, धार सावरायला आणि ठिणगी पाडायला. ज्या हत्याराचा एवढा दरारा, त्याच्या मालकानेही रोजच्या कामाला बोटभर सुरी वेगळी ठेवली. स्वीडनच्या हवाई दलाने १९९५ पासून वैमानिकांच्या बचाव सामानात जी सुरी घेतली तिचं पातं ९७ मिलिमीटर, म्हणजे चार इंचांच्याही आत. विमान पाडलं गेलेल्या माणसाला जंगलात काय लागतं याचा विचार करून निवडलेली वस्तू इतकी साधी दिसते.

सुरी जमा केली त्या संध्याकाळी तो मुलगा माझ्या खोलीपाशी आला होता. माफी मागायला आला होता, पण त्याला विचारायचं दुसरंच होतं. "सर, तुम्ही कधी वापरलीय का? म्हणजे खरंच?"

त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी त्याला सांगितलं की चोवीस वर्षांत मी पात्याने दोर कापले, डबे फोडले, बटाटे सोलले, पोती उसवली, आणि एकदा एका माणसाची पँट कापली. तो हसला. मग पुढचं सांगितलं तेव्हा हसला नाही.

अरुणाचलमध्ये एका जानेवारीत आमच्या ताफ्यातली गाडी वळणावरून खाली गेली. फार खोल नाही, वीसेक फूट. ड्रायव्हर शुद्धीवर होता, पण त्याच्या मांडीतून रक्त जात होतं आणि अंगावर थंडीचे तीन थर. जखम कुठे आहे ते दिसेना. माझ्याकडे फौजेचा मिटणारा चाकू होता, कमरेला दोरीने बांधलेला. तो उघडायला नखाने खाचेत ओढावं लागतं. माझ्या हातात मोजे, मोजे काढले तर बोटं बधिर. नख मोडलं. शेवटी दातांनी उघडला. आणि उघडल्यावर तो कापेना, कारण त्याच चाकूने मी आठवडाभर दुधाचे डबे फोडले होते आणि धार लावली नव्हती. कापड कापलं नाही, फाडलं म्हणा. पट्टी घट्ट बसेपर्यंत किती मिनिटं गेली ते मी मोजलं नाही. तो वाचला. पाय थोडा ओढतो. दिवाळीला त्याचा फोन येतो आणि तो कधीही त्या चाकूचं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

त्यामुळे ही ५७ ग्रॅमची वस्तू पट्ट्याला लावून फिरताना माझ्या मनात जे आलं ते कांद्याचं किंवा मुठीचं नव्हतं. हिला उघडावं लागत नाही. सांधा नाही, खाच नाही, बोटांवर मिटण्याची भीती नाही. मोजे घातलेल्या एका हाताने निघते. त्या दिवशी माझ्या कमरेला ही असती, आणि धार लावलेली असती, तर मला दात वापरावे लागले नसते. तिचा खरा गुण हाच, आणि तो काळ्या रंगात नाही.

आणि आता गळ्यातल्या दोरीचं. या सुऱ्यांबरोबर छत्रीसैनिकांच्या दोरीसारखी बारीक दोरी येते, ५५० पौंडांची, म्हणजे सुमारे २५० किलो वजन पेलणारी. आपल्या कॅडेटचं वजन ५५ किलो. दोरावरून उतरताना ती दोरी कुठे अडकली असती तर काय तुटलं असतं याचा विचार करा. दोरी तुटली नसती. त्या दिवशी माझा हात योगायोगाने शर्टावर पडला नसता तर तो मुलगा तसाच भिंतीवर गेला असता. आईंना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. पात्याबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर होतं, एवढ्याशा सुरीने फारसं काही झालं नसतं. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची गोष्ट येते, ही त्याच्या जवळपासही नाही. धोका दोरीचा होता, आणि ते त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मामाने नाही, आम्हीही नाही.

आम्हीही नाही, हे मला डाचतं. वसतिगृहात सुरी नको हा नियम योग्यच आहे. साठ मुलं एका छताखाली झोपतात, त्यात रुसवेफुगवे असतात, रात्री असतात. तिथे पातं नको. पण नियम तिथेच थांबतो. आपण याच मुलांना पॉइंट टू-टू रायफल देतो. कोतमधून सही करून निघते, फायरिंग पॉइंटवर गोळ्या मोजून मिळतात, रिकामी काडतुसं मोजून परत घेतली जातात, आणि आजवर कोणी पालक म्हणाले नाहीत की माझ्या मुलाच्या हातात बंदूक कशाला. घोडेस्वारी देतो, बॉक्सिंग देतो. आणि पावणेतीन इंचांच्या सुरीला मात्र आपल्याकडे एकच शब्द आहे, जमा कर. मग मुलगा ती शिकतो कुठून? मोबाइलवरच्या व्हिडिओतून, जिथे एक गॉगलवाला माणूस ती हवेत फिरवतो.

माझं म्हणणं असं आहे. अकरावी-बारावीच्या कॅम्पसाठी स्टोअरमध्ये बारा साध्या सुऱ्या घ्याव्यात. महागड्या नकोत, कुकच्या सुरीपेक्षा थोडी जाड, मूठ जाड आणि शक्य तर भडक नारिंगी, म्हणजे गवतात पडली तर सापडेल. रंगाने नंबर टाकावेत, कोतसारखं रजिस्टर ठेवावं, सकाळी वाटावी, सूर्यास्ताला मोजून घ्यावी. पहिल्या दिवशी काहीच कापायचं नाही, फक्त एकमेकांना द्यायची: मूठ पुढे, समोरचा "घेतली" म्हणाल्याशिवाय सोडायची नाही. बसून कापायचं, कोपर गुडघ्यावर, पातं शरीरापासून लांब. मांडीच्या आतून मोठी धमनी जाते, त्या बाजूला पातं कधीच नाही. हातातून सुटली तर झेलायची नाही, पाय मागे घ्यायचा आणि पडू द्यायची. उठण्याआधी म्यानात. आणि रात्री ज्याने वापरली त्यानेच धार लावून तेलाचा हात फिरवून परत करायची.

सहकारी विचारतात, एखाद्याचं बोट कापलं तर पालकांना उत्तर कोण देणार? प्रश्न खरा आहे. बोट कापणार. बारा सुऱ्या आणि तीस मुलं म्हटल्यावर कॅम्पमध्ये दोन-तीन पट्ट्या लागतीलच, आणि एमआय रूमची पेटी तशीही बरोबर असतेच. ते उत्तर मी देईन. पालकांकडून रायफलसाठी घेतो तशी लेखी संमती घ्यावी, आणि ज्यांना नको त्यांच्या मुलांना चुलीचं दुसरं काम द्यावं. प्राचार्य साहेबांपुढे मी हे मांडलं आहे. त्यांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. पालक सभेत विषय निघेल, तेव्हा तुमचं मत तिथे सांगा.

आणखी एक, अकरावीच्या टोलीला. त्या दिवशी आकाशाकडे बघणारे तुम्ही अकरा जण होतात. दोस्ताचं नाव सांगायचं नाही हे मला समजतं, मीही रिक्रूट होतो. पण तो गळ्यात दोरी घालून भिंतीवर चढणार होता आणि तुम्हाला ते माहीत होतं. नाव सांगू नका. "काढून ठेव" एवढं त्याला तरी म्हणायचं होतं. कॅम्पच्या यादीतून त्याच्याबरोबर तुमचंही नाव काढायला हवं होतं का, यावर मी अजून विचार करतो आहे.

सुरी सध्या स्टोअरमध्ये आहे, पुसून, खोबरेल लावून, कागदात गुंडाळून. टर्म संपली की आई घेऊन जातील. परवा तो मुलगा विचारत होता की तिच्यावरचे ओरखडे माझे का. मी म्हटलं हो, आणि तिसऱ्या दिवशी धारही मीच लावली आहे, घरी गेल्यावर जपून काढ, आता ती कापते. मुठीवरची दोरी तशीच ठेवली आहे. गळ्यातली मी काढून घेतली.